एक नंबरचं प्लास्टर

३ डिसेंबर १९७८, सानगडी

ही वही दवाखान्यात मलमांचा साठा लिहायला काढली होती. पहिल्या दोन पानांवर झिंक ऑक्साईड आणि गंधकाचं मलम आहे, तिसऱ्यापासून मी आहे. चोवीस वर्षं कंपाउंडर म्हणून दुसऱ्यांच्या दुखण्यांच्या नोंदी केल्या. आता घरात जे चाललंय ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मला उमजणार नाही, असं वाटायला लागलं आहे.

मालनने आज माळा झाडायला काढला. कोंढ्याहून चंदासाठी विचारणा आली आहे. मुलगा भोजराज, जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागलेला, घरी फक्त आई. ते पाहायला कधी येणार हे ठरलेलं नाही, पण मालनचा झाडू ठरलेला आहे. झाडता झाडता पत्र्याची पेटी खाली आली आणि तिच्यातून सात प्लास्टरं निघाली. चंदाच्या उजव्या पायाची.

चंदा जन्मली तेव्हा तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, इतकं की तळवा दुसऱ्या पायाकडे पाहायचा. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी पहिलं प्लास्टर घातलं आणि मला म्हणाले, "कंपाउंडर आहात ना, नीट बघून घ्या." पुढची सहा मी घातली. दर पंधरा दिवसांनी काढायचं, पाऊल थोडं बाहेर वळवायचं, नवं घालायचं. ती रडायची आणि मालन अंगणात जाऊन उभी राहायची. प्रत्येक प्लास्टरवर माझ्या पेन्सिलीने नंबर आणि तारीख आहे. एक नंबर सगळ्यात वाकडं, सात नंबर सरळ.

मालन म्हणाली, "हे आधी तलावात टाकून या. कोणी पायलं तं?"

"इतके वर्ष कोणं नाई पायलं."

"इतके वर्ष कोणी पोरगी पाहाले येत नोता."

तिचं खरं आहे. तेव्हा आम्ही आमगावकडे होतो. बदली होऊन इथे आलो तेव्हा चंदा चार वर्षांची होती आणि पाय किंचित ओढायची. शेजारणींनी विचारलं, तर मालनने सांगून टाकलं की बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, पडली होती. पडून दुखावलेला पाय लोकांना चालतो. पोटातूनच तसा आला म्हटलं की पुढच्या नातवंडांचे पाय मोजायला लागतात. चंदालाही आम्ही बंडीचंच सांगितलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि तिला तेवढंच ठाऊक आहे.

पेटी घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो. तासभर बसलो आणि पेटी घेऊन परत आलो. असं का केलं ते सांगता येणार नाही. मालनला सांगितलं, तिथे बायका धुणं धूत होत्या.

८ डिसेंबर

आज दुपारी दवाखान्यात एकही रोगी नव्हता. पुड्या बांधायच्या रद्दीत एक जुनं मासिक होतं. त्यात एका परदेशी बाईने केलेल्या काचेच्या हाताचा फोटो. हात म्हणजे अगदी हात, नखांसकट, आणि त्यातून पलीकडची खिडकी दिसते. खाली लिहिलं होतं की आधी मेणाचा नमुना करतात, त्यावर प्लास्टरचा साचा चढवतात, मेण वितळवून काढतात, साच्यात काचेचे तुकडे भरतात आणि भट्टीत ठेवतात. पुढचं वाक्य असं: "यानंतर सर्वांत महत्त्वाचे म्हणजे"

तिथे पान फाटलेलं आहे. फाडलेल्या कडेवरूनच कळतं की मी फाडलं, कारण मी पट्टी धरून फाडतो. उरलेलं अर्धं पान कुणाच्या तरी खोकल्याच्या पुडीतून गेलं.

घरी येईपर्यंत डोक्यात शिरलं होतं. प्लास्टरं मोडायचीच आहेत, मग मोडण्याआधी सात नंबरमधून काचेचं पाऊल ओतून घ्यावं. सरळ झालेलं. माझ्या हाताने सरळ झालेलं.

मालन म्हणाली, "काचेचा पाय कायले पायजे?"

मी म्हणालो, "कला आहे."

ती पुन्हा झाडायला लागली.

१७ डिसेंबर

भंडाऱ्याला जाऊन आलो. सामान गोळा करणं म्हणजे काय असतं ते आज कळलं. कुठल्याही दुकानात "काच ओतायचं सामान" मागा, माणूस आधी तुमच्या तोंडाकडे पाहतो आणि मग तुमच्या मागे कुणी आलंय का ते.

दवाखान्यातलं प्लास्टर जुनं, गुठळ्या झालेलं. मूर्ती करणाऱ्यांकडून अर्धं पोतं घेतलं. मग पितळेची भांडी ओतणाऱ्या मधुकररावांकडे गेलो. त्यांच्या आईला मी एकदा इंजेक्शनं दिली होती, त्या ओळखीवर. त्यांनी जुना सांडस दिला, भट्टीतून लाल झालेली मूसही उचलता येईल असा. आणि प्लास्टरमध्ये विटेचा भुगा मिसळा म्हणाले, नाहीतर आगीत टिकणार नाही.

"आन साचा कवा फोडायचा?" मी विचारलं.

"आमी तं गरम असतानाच फोडतो, साहेब. पितळ थंडं झालं का मंग निंगत नाई लवकर. पन काच माह्या बापानं बी नाई ओतली."

मला हे पटलं. प्लास्टर वेळेवर काढलं पाहिजे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? जास्त दिवस राहिलं की पाय बारीक होतो.

काच कुठून आणायची हा प्रश्न होता, तो सुटला. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या आम्ही फोडून पुरतो. डॉक्टरांना विचारलं, नेऊ का? ते म्हणाले, न्या, पण चावू नका.

२४ डिसेंबर

सात नंबरच्या दोन फाका सुतळीने बांधल्या, आतला कापूस चिमट्याने काढला आणि मेण ओतलं. मध काढणाऱ्यांकडून आणलेलं मेण, त्यात मेलेल्या माश्या होत्या, गाळून घेतलं. मेण सुटेना. शेवटी प्लास्टर भिजवून उकलावं लागलं. म्हणजे एका खेपेला एक प्लास्टर जाणार. सातांतलं एक गेलं.

मेणाचं पाऊल हातात आलं तेव्हा लक्षात आलं की त्याला बोटंच नाहीत. प्लास्टरमध्ये बोटं उघडी ठेवतात, त्यांचा रंग पाहायला. ती आता मीच करायची. मलम घोटायची पट्टी, इंजेक्शनची सुई आणि दातातली घाण काढायचा आकडा, एवढी हत्यारं घेऊन बसलो. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा मोठं की लहान, आठवेना. ज्या पायाकडे मी एकोणीस वर्षं पाहतोय त्याची बोटं मला आठवू नयेत.

चंदा बालवाडीत शिकवून आली आणि पाय धुवायला बसली. मी पाहत राहिलो.

"बाबा, माह्या पायाकडे काहून पाहून राहिले?"

"काई नाई. मैल लागला आहे."

तिने पाय घासला. मग म्हणाली, "बाबा, थे बंडी कोणाची होती?"

"कोणती बंडी?"

"ज्याच्यावरून मी पडलो."

मी म्हणालो, पाटलाची. आतून मालनही ओरडली, "कोतवालाची!" दोघांनी एकदमच सांगितलं. चंदा हसली आणि टॉवेल घ्यायला गेली. बरं झालं, तिच्या लक्षात आलं नाही.

दुसरं बोट मोठं आहे.

२ जानेवारी १९७९

सोमाजी कुंभाराच्या आव्यात साचा ठेवला होता. सोमाजी माणूस चांगला, पण प्रश्न विचारत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर जास्तच मूर्ख वाटतं. आज फोडला. आत पेनिसिलिनच्या बाटल्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, गर्दीत बसल्यासारख्या. वितळल्याच नाहीत. एकीवर कंपनीची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

सोमाजी म्हणाला, "हे काच कडू आहे, साहेब."

काच कडू कशी असेल? पण त्याचा आवा जेवढा तापतो त्यात मडकी भाजतात, ही काच भाजत नाही, एवढं खरं. सात नंबर वाया गेलं.

१५ जानेवारी

सहा नंबर गेलं. साचा काल संध्याकाळी केला, आज सकाळी आव्यात ठेवला. दवाखान्यात प्लास्टर पंधरा मिनिटांत कडक होतं, दुसऱ्या दिवशी माणूस चालतो. इथे अर्ध्या तासात आतून फट्ट असा आवाज आला आणि साच्याचे तीन तुकडे झाले. सोमाजी म्हणाला, मडकं तरी आठ दिवस सावलीत वाळवतो आम्ही, हे तर ओलं होतं.

"मंग तू बोलला काहून नाई?"

"तुमी डाक्टर मानूस."

२८ जानेवारी

कोंढ्याहून निरोप आला. मार्चमध्ये येतील. मध्यस्थाने सांगितलं आहे की मुलाची आई बायजाबाई हुशार बाई आहे, गावात बाळंतपणं करते. मुलीला चालून दाखवायला सांगेलच. पाय बंडीवरून पडून दुखावला होता हे तिच्या कानावर घातलं आहे, त्याला तिची हरकत नाही.

मालनने घरातच तालीम सुरू केली. चूल ते छताची मधली तुळई, तुळई ते दार. चंदाच्या हातात ताट, ताटात पाण्याने भरलेले पेले. मालन मोजते. बारा पावलांपर्यंत चंदा अशी चालते की कुणाला संशय येणार नाही. पंधराव्याला टाच घासायला लागते. आज अठरापर्यंत नेली. मालन खूश झाली. चंदा मात्र ताट ठेवून पाय चोळत बसली होती आणि भिंतीकडे पाहत होती. मी दवाखान्यातून आयोडेक्स आणून दिलं.

आधी एक स्थळ या टाचेचं ऐकूनच गेलं, पाहायलाही आलं नाही. आता हेही गेलं तर मालन उभी राहणार नाही. मी रोज कागदावर खरं लिहिणारा माणूस, ताप एकशे एक असेल तर एकशे एक. घरी मात्र एका बंडीवर सगळा संसार बसला आहे, आणि ती बंडी कोणाची तेही आम्हा दोघांना नक्की माहीत नाही.

४ फेब्रुवारी

बाबूलाल चुडीवाल्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे फुटक्या बांगड्यांचा डबा असतो. बायकांच्या हातात चढवताना ज्या फुटतात त्या. बांगडीची काच मऊ, लवकर वितळते, असं तोच म्हणाला. तुकडे कमी पडले म्हणून मी सलाईनच्या बाटलीचा चुरा मिसळला.

साचा आठ दिवस वाळवला. सोमाजीच्या आव्यात ठेवला. आज दुपारी वरची राख बाजूला सारून मी मधुकररावांच्या सांडसाने साचा बाहेर ओढला आणि प्लास्टरच्या कात्रीने तिथेच उघडला.

पाऊल होतं! लाल, पिवळं, हिरवं, निळं, पण पाऊल होतं. बोटंसुद्धा. मी सोमाजीला हाक मारली. तो येईपर्यंत टक् असा आवाज झाला. मग पुन्हा टक्. घोट्यापासून टाचेपर्यंत चीर गेली. मी हात लांब धरून नुसता पाहत उभा राहिलो. शेवटी सगळं माझ्या पायाशी पडलं.

पाच नंबर गेलं. मला रडायला आलं. सोमाजी दुसरीकडे पाहत होता, ते चांगलं केलं त्याने.

म्हणाला, "निवू दिलं असतं तं?"

"निवून काय होते? प्लास्टर वेळेवर काढा लागते."

त्याने मान हलवली. तो मला डॉक्टर समजतो, हीच अडचण आहे.

रंग वेगवेगळे होते म्हणून फुटलं असावं. की सलाईनची बाटली? की सोमाजीला हाक मारली तेव्हा माझा हात हलला? "सर्वांत महत्त्वाचे म्हणजे" काय, ते तो खोकल्याचा रोगी पिऊन बसला.

६ फेब्रुवारी

घरी आलो तर पेटी रिकामी. चार, तीन आणि दोन नंबर नाहीत.

मालन म्हणाली, "टाकलो तलावात. पाहाटी. तुमच्यानं होत नाई तं मी केलो."

मी खूप बोललो. नको ते बोललो. तू तेव्हाही अंगणात जाऊन उभी राहायचीस, असं बोललो. भाकरी मात्र तिने वाढली, आणि मी जेवलो, हे आता लिहिताना लाज वाटते.

एक नंबर वाचलं. ते मोजमाप घ्यायला म्हणून मी दवाखान्यात नेलं होतं, औषधांच्या कपाटात राहिलं. पण एक नंबर म्हणजे सगळ्यात वाकडं. त्याची काच करून काय करू?

२० फेब्रुवारी

बाबूलाल आज स्वतः दवाखान्यात आला. फिरोजाबादची पेटी गाडीवरून उतरवताना पडली, सगळ्या हिरव्या बांगड्या फुटल्या.

"घ्या डाक्टर साब, एकाच पेटीचा माल आहे. दुसरा रंग नाई यायच्यात. माहं नुकसान झालं, तुमचं तं काम होईल."

मग जाता जाता, "पन बनवून काय राहिले?"

"पाय."

"कोणाचा?"

मी म्हणालो, कुणाचा नाही, असाच. तो गेल्यावर वाटलं, सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण तोंडात बंडीच येते.

संध्याकाळी एक नंबर घरी आणून उघडलं. आतला कापूस पिवळा पडला आहे. मेण ओतलं. पाऊल माझ्या अर्ध्या तळहाताएवढं निघालं, आणि आत वळलेलं, अंग चोरून बसल्यासारखं. सुईने बोटं केली. मला वाटायचं, हा पाय कुरूप होता म्हणून मी तो सरळ केला. आज पाहिलं तर कुरूप नव्हता. छोटा होता. हे मला तेव्हा का दिसलं नाही? तेव्हा मी नुसता कोन पाहत होतो का?

मागे चंदा उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मी पटकन वर पंचा टाकला.

"मेणाचा आंबा करून राहिले का, बाबा?" तिने विचारलं.

"हो. आंबा."

"लहान आहे," ती म्हणाली, आणि कंदील ठेवून गेली.

३ मार्च

साचा दहा दिवस वाळवून आज सकाळी आव्यात ठेवला. उद्या दुपारी काढायचा बेत होता. पण दुपारी निरोप आला की कोंढ्याची मंडळी नऊ तारखेला येत आहेत, आणि मालनने मला चुना लावायला भिंतीसमोर उभं केलं. भंडाऱ्याहून चादरी आणायच्या, खुर्च्या मागायच्या. सोमाजीला सांगून पाठवलं, उद्या काढून ठेव.

४ मार्च

सोमाजी नाही. त्याचा मेहुणा वारला, तो बायकोला घेऊन तिकडे गेला. जाताना आव्यावर धानाचा भुसा आणि राख घट्ट दाबून गेला आहे, कुत्री-पोरं भाजू नयेत म्हणून. त्याच्याशिवाय आवा उकरायचा नाही, त्याची मडकीही आत आहेत. म्हणजे हेही गेलं. पाय बारीक होणार.

मी वेड्यासारखं काय लिहितोय? काचेचा पाय बारीक कसा होईल?

९ मार्च

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सोमाजी काल परतला. मी आज सकाळी सहाला त्याच्याकडे गेलो. आवा उकरला, पाच दिवसांनंतरही राख आत कोमट होती. साचा हातात धरण्याइतका होता, सांडस लागलाच नाही. कात्रीने कापला.

अख्खं पाऊल निघालं. हिरवं, आतून उजेड जाणारं. टाचेत एक बुडबुडा अडकलेला. मी बराच वेळ टक् आवाजाची वाट पाहिली. आला नाही. सोमाजी म्हणाला, "निवलं." बस्स, एवढंच. मी काय वेगळं केलं होतं? काहीच केलं नव्हतं, मी तिथे नव्हतोच. बाबूलालची पेटी चांगली असावी.

बँडेजमध्ये गुंडाळून घरी आणलं, तर मंडळी येऊन बसलेली. पहिल्याच गाडीने आली होती. जयभीम घातला आणि पाऊल औषधांच्या फळीवर ठेवून खुर्चीवर बसलो. हाताला राख तशीच. भोजराज मुलगा शांत, बूट बाहेर काढून नीट जोडीने ठेवणारा. बायजाबाई पन्नाशीच्या, हात रुंद, नजर सरळ.

चहा झाला. बायजाबाई म्हणाल्या, "पोरी, जरा चालून दाखव बाई. दोन पावलं."

मालनने माझ्याकडे पाहिलं. चूल ते तुळई, बारा पावलं.

चंदा आत गेली. ताट घेऊन आली. ताटात पेले नव्हते. बँडेज सोडलेलं हिरवं पाऊल होतं.

तिने ताट बायजाबाईंसमोर ठेवलं. "आधी हे पाहून घ्या. मंग चालतो. माहा पाय असा होता. पोटातूनच. बंडी-फिंडी काई नोती."

मालन उठली, पुन्हा बसली. हिला कुणी सांगितलं? कधीपासून माहीत आहे? माळ्यावरच्या प्लास्टरांवर माझ्याच अक्षरात तारखा होत्या, आणि चंदाला वयाच्या सहाव्या वर्षापासून वाचता येतं, हे माझ्या आता, हे लिहिताना, लक्षात येतं आहे.

बायजाबाईंनी पाऊल उचललं. तळहातावर घेतलं, अंगठा टाचेखाली, जसं नव्या बाळाचं धरतात. दाराकडे उजेडात धरलं.

"इतका वाकडा?"

"हो."

"आता चाल."

चंदा चालली. तुळईपर्यंत नाही. दारातून बाहेर, अंगणातून विहिरीपर्यंत आणि परत. पंधराव्या पावलाला टाच घासली, विसाव्याला चांगलीच. तिने लपवली नाही. भोजराज दारात जाऊन उभा राहून पाहत होता, आणि ती परत आली तेव्हा तो बाजूला झाला नाही, तर आत यायला तिला हात दिला. तो तिने घेतला नाही. पण हसली.

बायजाबाई मला म्हणाल्या, "माह्या हातावर असे दोन पाय जन्मले. दोन्ही पोट्ट्या आज बी तस्याच चालतेत, पावलाच्या कडेवर. मायबापाले मी सांगून सांगून थकलो, दवाखान्यात न्या. कोनी नेलं नाई." मग थांबून, "हा कोणं सरळ केला?"

"बाबानं," चंदा म्हणाली. "सात प्लास्टर घातले."

बायजाबाई पाऊल हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमाले पसंत आहे. देणंघेणं काई नाई. फक्त हा आमाले द्या. त्या पोट्ट्यायच्या मायबापाले दाखवीन. पोट्ट्यायले आता लेकरं झाले आहेत, त्यायच्यात कोनाचा पाय असा निंगला तं?"

आणि मी म्हणालो, "नाई."

इतक्या मोठ्याने की बाहेरचं कुत्रं उठलं. मालनने कपाळावर हात मारला. भोजराजचा चेहरा उतरला. सगळ्यांना वाटलं, मी मुलगीच नाकारली.

"पोरगी न्या," मी म्हणालो, "पोरगी न्या ना. हा नाई."

मग आधी बायजाबाई हसल्या, मग सगळे. मी हसलो नाही. तीन महिने ज्या वस्तूंपासून सुटका करून घ्यायला मी धडपडत होतो, त्यांतलीच एक मागितली तर मुलगी द्यावी आणि ती देऊ नये, हे काय झालं मला? मालन नंतर म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला आहे. असेलही.

११ मार्च

चंदाला विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, "चवथीत होतो तवापासून. माळ्यावर लपाले गेलो होतो."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी दोघं इतक्या मनानं सांगत होते, बाबा. मले वाटे, मी बोललो तं तुमाले वाईट वाटन."

दहा वर्षं आमची लबाडी तिनेच सांभाळली.

१५ मे

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालं, विहारात. बाबूलालने हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे घेतले नाहीत, म्हणाला, एक पेटी तुमच्याकडे आधीच आहे.

निघताना मीच काचेचं पाऊल चंदाच्या ट्रंकेत ठेवलं, प्लास्टरच्या पट्टीत गुंडाळून. का दिलं, कळत नाही. मार्चमध्ये नाही म्हणालो तेही कळत नव्हतं. बायजाबाईंनी पाहिलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं. दोन आठवड्यांनी मी कोंढ्याला जाऊन येईन म्हणालो, तर मालन म्हणाली, "महिनाभर जाऊ नका. तिचा जीव लागू द्या तिथं. तुमची तं नेहमीचीच घाई."

आज दुपारी ती आत गेली आणि तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत राहिली. मग माझ्यासमोर आणून ठेवलं. चार नंबर. तांदळाची पूड लागलेलं, पेन्सिलीची तारीख तशीच.

"दोनच टाकलो होतो," ती म्हणाली. "हे हातातून सुटलंच नाई."

मी सुतळी सोडून दोन्ही फाका उघडल्या. मालनने दोन बोटं आत घातली, टाच असायची तिथे, आणि तशीच बसून राहिली. मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो.